आधी रुमाल

अंबडच्या एका शेडमध्ये
रात्रपाळीला सेव्ह केलेली फाईल सकाळी नव्हती.
बुऱ्हान अत्तार म्हणाला, केली होती. आईशप्पथ केली होती.
मालक म्हणाला, मग काय उंदरानं खाल्ली?
आणि एका दिवसाची हजेरी कापली.

हे मला खैरनारनं नंतर सांगितलं.
माझ्यापर्यंत आला तो नुसता एक तक्रार क्रमांक.
त्यात अत्तार नव्हता. उंदीरही नव्हता.

अकरा रात्री, इंदिरानगरच्या तिसऱ्या मजल्यावर
मी तेच पाचशे ओळींचं गाव पालथं घातलं.
दहा हजार वेळा चालवलं, दहा हजार वेळा बरोबर.
मध्ये छापायची एक ओळ घातली की दोष गायब,
दिवा लावल्यावर झुरळ पळतं तसा.
ओळ काढली की चाळीस हजारांत एकदा,
पहाटे तीनला, मी चहा गाळत असताना.

एक धागा विचारतो: फाईल आहे? आहे.
आणि धरायला हात पुढे करतो.
नेमका तेव्हाच दुसरा आपला हात काढतो, तो शेवटचा असतो,
मोजणी शून्यावर येते, जागा पुसली जाते.
दोघंही खरं बोलतात.
'आहे' आणि 'धरलं' यांच्या मधल्या फटीतून
अख्खी रात्रपाळी खाली पडली.

सुचलं ते सीबीएसला.
मावशीला सटाण्याच्या गाडीत बसवायला गेले होते.
गाडी फलाटाला अजून टेकतच होती
तोच एका बाईनं खिडकीतून रुमाल टाकला
आणि निवांत दाराकडे निघाली.
तिच्यामागच्या पोरानं आधी सीट मोकळी आहे ना ते पाहिलं,
मग दाराकडे धावला, रेटारेटीत आत शिरला,
तर तिथे एक काका डबा उघडून बसलेले.
"मी बघितली होती!"
"बघितली असशील," काका म्हणाले. "बसलो मी."

मावशीला हात करायचंही राहिलं.

पहिली दुरुस्ती घाईची.
रुमाल टाकला, पण बेत बदलून परत फिरताना
उचलायचा राहिला.
सकाळपर्यंत आत हजारो सीटा,
प्रत्येकीवर एक रुमाल, माणूस एकीवरही नाही.
खैरनारचा फोन: "मॅडम, गाडी हालतच नाहीये."

शेवटी बदल इतकाच:
कुलूप दोन ओळी वर. मोजणी कुलपाच्या आत.
परतीच्या प्रत्येक वाटेवर रुमाल उचलणे.
सात ओळी. त्यातली एक रिकामी.

आपल्याकडे गंगेचा पूर
दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतात,
गुडघा, कंबर, छाती.
न आलेला पूर कशावर मोजायचा?
चार यंत्रं तीन दिवस पळवली,
वीस लाख वेळा काहीच झालं नाही.
यावर किती विसंबायचं ते मला अजून ठरवता येत नाही.
म्हणून कागद घेतला, आणि कोण कधी काय धरतं
ते पेन्सिलीनं पुन्हा पहिल्यापासून मांडलं.

बदलाच्या टिपणात खाली लिहिलं:
वापरणाऱ्याची चूक नव्हती.
साहेबांनी ती ओळ काढायला लावली.
तांत्रिक तेवढंच ठेवा, म्हणाले.

मग मीच अंबडला फोन लावला.
मागे लेथ चालू होतं. सगळं सांगितलं,
रुमालाचंही.
"म्हणजे मी सेव्ह केली होती."
केली होती.
थोडा वेळ नुसतं लेथ.
"मॅडम, हे मालकांना सांगाल?
इथंच आहेत. देतो फोन. ठेवू नका."

द्या, म्हटलं.
मी धरून आहे.